दंतरोपण : संगणक आणि हात



पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी कामगारांचे प्रश्न ह्यांवर बोलण्यात ज्याची हयात गेली, त्याने ह्या व्याख्यानमालेत दातांच्या शस्त्रक्रियेवर बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही काही वैद्य नाही. आमचे शिक्षण आयटीआयच्या टर्नरच्या परीक्षेपाशी थांबले. पुढचे जे वाचन झाले ते गेटसभा आणि लेबर कोर्टाच्या तारखा ह्यांच्या मधल्या फटीत झाले. परंतु तीन वर्षांपूर्वी आमची खालची एक दाढ गेली, तिच्या जागी रोपण करावे असे ठरले, आणि त्या निमित्ताने एक वस्तू आमच्या हातात आली. ह्या व्याख्यानाचे मूळ त्या वस्तूत आहे.

आमच्या डॉक्टरबाईंनी एका डबीतून अर्धपारदर्शक राळेचा एक तुकडा काढला. आमच्याच दातांवर चपखल बसेल असा त्याचा आकार होता आणि जिथे दाढ नव्हती तिथे धातूची एक आखूड नळी बसविलेली होती. त्या म्हणाल्या, "काका, हे तुमच्या दातांवर बसवायचं. ड्रिल ह्या नळीतूनच आत जाईल, इकडेतिकडे जाणार नाही." आम्ही तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "डॉक्टर, हा तर जिग आहे!" त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. त्या ह्याला गाईड म्हणतात.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. शंभर ओतीव तुकड्यांना एकाच जागी, एकाच कोनात भोक पाडायचे आहे. फिटर प्रत्येक तुकड्यावर खुणा करील, सेंटर पंच मारील, मग ड्रिल लावील. प्रत्येक वेळी त्याच्या नजरेची परीक्षा होईल. म्हणून टूलरूममधला जाणता कारागीर एक साचा तयार करतो. तो तुकड्यावर एकाच रीतीने बसतो आणि त्यात कठीण पोलादाची एक नळी असते, तिला बुश म्हणतात. मग कालचा पोरगाही त्या बुशातून ड्रिल घालून बरोबर भोक पाडतो. जिग म्हणजे टूलरूमच्या कारागिराचे कसब गोठवून दुसऱ्याच्या हाती देणे. त्याचा दोषही तिथेच आहे. जिग चुकला तर शंभरही तुकडे चुकतात. आणि जिगखाली लोखंडाचा एक कीस अडकला तर जिग तिरका बसतो, पण भोक पाडणाऱ्याला ते कळत नाही, कारण त्याने पाहणे सोडून दिलेले असते. ही शेवटची गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी.

आता प्रश्न असा की जबड्यात भोक पाडण्यास एवढा खटाटोप कशाला? खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्यातून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारा मज्जातंतू जातो आणि पुढच्या बाजूला, उपदाढांच्या मुळांच्या आसपास, तो एका छिद्रातून बाहेर पडतो. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. रोपणाचा स्क्रू सुमारे 4 मिलिमीटर जाडीचा आणि 10 मिलिमीटरच्या आसपास लांबीचा. तो ह्या मुलुखात बसवायचा. आमचे एक जुने सहकारी आहेत, पंधरा वर्षे युनियनचे खजिनदार होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नुसत्या सपाट एक्स-रेवरून त्यांचे रोपण झाले. दाढ उत्तम बसली, परंतु उजव्या बाजूचा खालचा ओठ बधिर झाला तो कायमचाच. आजही चहा पिताना ते हनुवटीला रुमाल लावून बसतात. दवाखान्याने सांगितले, असे कधीकधी होते. सपाट एक्स-रेत उंची दिसते, हाडाची रुंदी दिसत नाही. आणि सबंध जबड्याचे जे लांबट चित्र काढतात ते मुळापेक्षा वीस-तीस टक्क्यांनी मोठेही येऊ शकते. सावलीवर मोजमाप करून आत शिरायचे, असा तो प्रकार होता. आमच्या सहकाऱ्यांच्या जबड्यात शिरणाऱ्या हाताला दोष देण्यापूर्वी त्या हाताला काय दिसत होते, हे पाहणे आम्हांला न्यायाचे वाटते.

ही कथा तीन वाटांनी चालत आली आहे: धातूची वाट, दृष्टीची वाट आणि हाताची वाट.

धातूची वाट स्वीडनमध्ये सुरू झाली. पेर-इंगवार ब्रॉनमार्क हा 1929 साली जन्मलेला संशोधक हाडाच्या मगजातील रक्ताभिसरण अभ्यासीत होता. 1952 च्या सुमारास त्याने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमच्या बारीक कुप्या बसविल्या. काम झाल्यावर त्या महाग कुप्या काढून पुन्हा वापराव्यात म्हणून तो गेला, तर त्या निघेनात. हाडाने त्यांना धरून ठेवले होते. दुसरा एखादा वैतागला असता. ब्रॉनमार्कने त्या अडचणीचाच पाठलाग केला. 1965 साली गोथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन नावाच्या गृहस्थाच्या जबड्यात त्याने असे स्क्रू बसविले. लार्सनला जन्मतःच टाळूचे व जबड्याचे व्यंग होते आणि खालच्या जबड्यात दात नव्हते. तो 2006 साली वारला, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षे ते स्क्रू त्याच्या तोंडात टिकून होते. तरीही दंतवैद्यकातील पुष्कळ मंडळी ब्रॉनमार्कला मानीत नव्हती. तो दंतवैद्य नव्हता, शरीररचनाशास्त्राचा माणूस होता. बाहेरच्याने आपल्या अंगणात येऊन विहीर खणलेली कोणत्याच धंद्याला आवडत नाही. 1982 साली कॅनडात टोरांटो येथे परिषद भरली आणि तिथे जगाने त्याचे काम मान्य केले. गंमतीची एक गोष्ट सांगतो: हे स्क्रू बाजारासाठी बनविण्याच्या कामात 1978 पासून ज्या कंपनीने भाग घेतला ती बोफोर्स, तोफा करणारी. आपल्याकडे 1987 पासून हे नाव कोणत्या संदर्भात गाजले ते आपणांस माहीत आहेच. तोफांच्या कारखान्यातील अचूक यंत्रकाम दातांच्या कामी आले, ही त्या नावाची आम्हांला ठाऊक असलेली सर्वांत चांगली हकीकत.

हाड धातूला धरते खरे, पण एका अटीवर: भोक पाडताना ते भाजता कामा नये. गोथेनबर्गच्याच संशोधकांनी 1983 साली सशांवर प्रयोग करून दाखविले की 47 अंश सेल्सियसची उष्णता एक मिनिट टिकली तरी हाडाला इजा होते. आमच्या शॉपमध्ये कूलंट बंद पडला तर ड्रिल जळे. इथे ड्रिल शाबूत राहते आणि जॉब जळतो. म्हणून हळू फिरवायचे, धारदार ड्रिल वापरायचे, थंड सलाइनची धार सोडायची.

दृष्टीची वाट अधिक लांबची आहे. रॉन्टगेनने 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरण पाहिले, आणि दोनच महिन्यांत, जानेवारी 1896 मध्ये, ब्राउनश्वाइग गावच्या वाल्कहॉफ ह्या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र काढले. त्यासाठी त्याला 25 मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स हा दंतवैद्य वर्षानुवर्षे रुग्णांच्या तोंडासमोर स्वतःच्या हाताने फिल्म धरून यंत्र जुळवीत राहिला. त्याची बोटे गेली, मग हात गेला, आणि 1928 साली त्याने आपले जीवन संपविले. औद्योगिक रोगांच्या यादीत ह्या माणसाचे नाव पहिल्या पानावर असावयास हवे.

परंतु सावली ती सावलीच. तिला खोली मिळवून दिली गॉडफ्रे हाउन्सफील्डने, आणि ह्या माणसापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत. 1919 साली इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. युद्धात विमानदलात रडारचे काम शिकला आणि शिकविले, युद्धानंतर विद्युत् अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि ईएमआय कंपनीत लागला. ही ईएमआय म्हणजे आपल्या घरोघरी जिच्या तबकड्या वाजत, त्या कुत्र्याच्या आणि कर्ण्याच्या चित्राच्या एचएमव्हीची मालक कंपनी. 1967 च्या सुमारास त्याला सुचले की बंद पेटीतून अनेक कोनांतून किरण आरपार सोडले आणि प्रत्येक किरण किती क्षीण झाला ते मोजले, तर आत काय आणि कुठे आहे हे गणिताने काढता येईल. त्यासाठी पहिले उपकरण त्याने कशावर उभारले? लेथच्या बेडवर! लेथच्या बेडवर किरणांचा उगम सरकवायचा, वस्तू थोडी फिरवायची, पुन्हा सरकवायचा. एका चित्रासाठी अठ्ठावीस हजार मोजमापे. त्याला नऊ दिवस लागले आणि पुढे मोठ्या संगणकाला ते गणित सोडविण्यास अडीच तास. हे आम्ही प्रथम वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ज्या लेथवर आम्ही वीस वर्षे बुश आणि शाफ्ट कातले, त्याच्याच जातीच्या यंत्रावर माणसाच्या मेंदूचे चित्र काढण्याची युक्ती जन्मली होती. 1 ऑक्टोबर 1971 रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे, एका स्त्रीच्या मेंदूचे, चित्र निघाले. 1979 साली अ‍ॅलन कॉरमॅक ह्या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर हाउन्सफील्डला नोबेल पारितोषिक मिळाले. कॉरमॅकने हेच गणित आधी स्वतंत्रपणे मांडले होते.

सीटीचे यंत्र मोठे, महाग, आणि किरणांची मात्राही अधिक. एका दाढेसाठी ते परवडणारे नव्हते. इटलीत व्हेरोना येथे मोझ्झो आणि टाकोनी ह्यांच्या गटाने पातळ पट्ट्याऐवजी शंकूच्या आकाराचा किरणपुंज वापरला आणि डोक्याभोवतीच्या एकाच फेरीत सारा जबडा टिपला; त्यांचे काम 1998 साली प्रसिद्ध झाले. जपानमध्येही त्याच सुमारास असे यंत्र स्वतंत्रपणे तयार झाले. आज तालुक्याच्या गावीही एक्स-रेच्या दुकानात हे यंत्र दिसते. रुग्णाने हनुवटी टेकून काही सेकंद निश्चल राहायचे, की हाडाची उंची, रुंदी आणि तो मज्जातंतूचा बोगदा पडद्यावर हवा तिथे कापून पाहता येतो.

उरली हाताची वाट, आणि ती आमची स्वतःची. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती करीत असे. त्यालाही महाविद्यालयाची पदवी नव्हती. पात्याचा वक्राकार नेमका यावा म्हणून त्याने वक्रावरचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर गणिताने काढविले. मग एक कामगार ते आकडे मोठ्याने वाची, आणि यंत्रापाशी उभे असलेले दोघे एकेक चाक तितके फिरवीत. ह्या तीन माणसांच्या जागी आकडे सरळ यंत्रालाच का वाचू देऊ नयेत, असे त्याच्या मनात आले. अमेरिकन हवाई दलाच्या पैशाने एमआयटी संस्थेत असे मिलिंग यंत्र 1952 साली चालवून दाखविण्यात आले. त्याचा वंशज म्हणजे सीएनसी. आमच्या शॉपमध्ये ते यंत्र आले तेव्हा आम्ही ऐन पंचविशीत होतो, आणि त्याच्याविरुद्ध दारापाशी सभा घेतल्या. यंत्र कामगाराची अक्कल काढून ऑफिसात नेऊन ठेवील, असे आम्ही गर्जून सांगितले. त्या भाषणांतले निम्मे आज आम्ही परत घेतो. हजारो जॉब इतके एकसारखे हाताने निघत नव्हते, आणि रिजेक्टचा दंड शेवटी कामगाराच्याच माथी बसत होता. उरलेले निम्मे मात्र परत घेत नाही: अक्कल खरोखरच ऑफिसात गेली, आणि जाताना तिच्याबरोबर पगाराचे ग्रेडही गेले.

चौथी एक लहानशी पायवाट येऊन मिळाली. अतिनील प्रकाशाने द्रवरूप राळ थरावर थर घट्ट करून वस्तू घडविण्याचे तंत्र अमेरिकेच्या चार्ल्स हलने काढले. त्याचे पेटंट 1986 सालचे. बेल्जियममधील लूव्हेन येथे अभियंते आणि दंतवैद्य ह्यांनी ह्या शतकाच्या आरंभी हे सारे एकत्र आणले आणि पडद्यावरच्या योजनेवरून गाईड छापण्याची पद्धत रूढ केली. तत्पूर्वीही गाईड होतेच. दंतप्रयोगशाळेतील कारागीर प्लास्टरच्या साच्यावर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा करून त्यात हाताने नळी बसवी. पण त्याला हिरडीच्या आतले हाड दिसत नव्हते.

आता काम कसे चालते ते पाहा. जबड्याचे त्रिमिती चित्र घेतात. दात आणि हिरडी ह्यांचे दुसरे चित्र तोंडात लहान कॅमेरा फिरवून घेतात. ही दोन चित्रे संगणकात एकमेकांवर बसवितात. मग, आणि हे आम्हांला फार आवडले, प्रथम नवा दात कुठे यावा हे ठरवितात आणि त्यावरून स्क्रू कुठे बसावा हे ठरते. पूर्वी हाड मिळेल तिथे स्क्रू आणि स्क्रू असेल तिथे दात, असा उलटा कारभार होता. बोगद्यापासून निदान 2 मिलिमीटर अंतर राखतात. योजना पक्की झाली की गाईड छापून येतो. ड्रिलवर थांबा असतो, त्यामुळे खोलीही ठरलेलीच राहते. दुसरी एक पद्धत आहे. तीत गाईडच नसतो. ड्रिलवर आणि जबड्यावर खुणा लावतात, कॅमेरे त्या खुणांवर नजर ठेवतात, आणि ड्रिलचे टोक हाडात कुठे आहे हे डॉक्टरला पडद्यावर दिसत राहते. मध्येच बेत बदलावासा वाटला तर ह्या पद्धतीत तो बदलता येतो. 2016 च्या अखेरीस अमेरिकेत डॉक्टरच्या हाताबरोबर ड्रिल धरणारा आणि ठरलेल्या वाटेबाहेर हात जाऊ लागला की अडविणारा यंत्रबाहू मंजूर झाला. 2017 च्या सप्टेंबरात चीनमधील शीआन येथे यंत्रमानवाने एका स्त्रीच्या जबड्यात दोन रोपणे केली. दंतवैद्य शेजारी उभे होते, हात लावीत नव्हते.

मग चूक संपली काय? नाही. 2018 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. गाईडने केलेल्या रोपणांत, ठरविले तिथे आणि बसले तिथे ह्यांत तोंडाशी सरासरी 1.2 मिलिमीटर, आतल्या टोकाशी 1.4 मिलिमीटर, आणि कोनात साडेतीन अंशांचे अंतर आढळले. आमच्या टूलरूमने एवढा फरक असलेला जिग परत पाठविला असता. परंतु जबडा म्हणजे ओतीव लोखंड नव्हे. रुग्ण चित्राच्या वेळी किंचित हालतो, दोन चित्रे जुळविताना थोडी चूक, छापताना थोडी, नळी आणि ड्रिल ह्यांच्यामध्ये थोडी ढील ठेवावीच लागते. ह्या साऱ्यांची बेरीज होते. मोकळ्या हाताच्या कामात अंतर बहुधा ह्याहूनही अधिक पडते, म्हणून गाईड चांगला; पण ते 2 मिलिमीटरचे अंतर कशासाठी राखायचे, हे ह्या आकड्यांवरून कळते. आणखी दोन गोष्टी. गाईड तोंडात असला की सलाइनची धार हाडापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणजे ते 47 अंश पुन्हा आठवावे लागतात. आणि जिगखालचा तो कीस! गाईड दातांवर पुरता बसला नाही तर सगळे गणित शुद्ध असूनही भोक चुकीच्या जागी पडते. आमच्या डॉक्टरबाईंनी गाईड बसविल्यावर त्याच्या खिडक्यांतून दातांची टोके टेकली आहेत की नाही हे आरसा लावून तीनदा पाहिले, आणि नळीतून ड्रिल घालण्यापूर्वी बोटाने हाडाची कड चाचपली. आमच्या खजिनदारांच्या वेळी हाताला दृष्टी नव्हती. इथे दृष्टी मिळाल्यावरही हाताने चाचपणे सोडले नव्हते. ह्याला आम्ही कसब म्हणतो.

शस्त्रक्रियेनंतर बिल हाती आले. त्यात योजना व गाईड अशी एक स्वतंत्र ओळ होती. आयुष्यभर बिलांच्या आणि पगारपत्रकांच्या ओळी वाचण्याची सवय असल्यामुळे आम्ही विचारले, हे कोणी केले? कळले की शहराच्या दुसऱ्या टोकाला एक प्रयोगशाळा आहे. आम्ही जुन्या खोडीने तिथे गेलो. माडीवर दोन खोल्या, चार संगणक, राळेचा वास, आणि सहा मुलगे-मुली. एका मुलीने आमची केस शोधून दाखविली. आमचा जबडा तिथे पडद्यावर फिरत होता, मज्जातंतूची वाट नारिंगी रंगाने रेखलेली. ती रेघ कोणी ओढली? तिने. माऊसने, टिंबाटिंबाने, बोगदा जिथे अस्पष्ट होता तिथे मागेपुढे पाहून. मग योजना डॉक्टरबाईंकडे गेली, त्यांनी एक दाढभर अंतर पुढेमागे करवून घेतले आणि मान्यता दिली. कागदावर सही त्यांची. जबाबदारीही त्यांचीच, आणि ते योग्यच आहे.

आम्ही त्या मुलीला विचारले, "समजा डॉक्टरांनी मान्य केलेलं तुला चुकीचं वाटलं, तर?"

ती म्हणाली, "फोन करते ना. एकदा केला होता. रेघेच्या फार जवळ जात होतं. सरांनी बघितलं आणि छोटा स्क्रू घेतला."

"आणि फोन केलाच नाहीस तर तुला कोणी विचारील?"

ती हसली. मालक शेजारच्या खोलीत होता.

आपल्या देशात 1948 साली दंतवैद्यक कायदा झाला. त्यात दंतवैद्यांबरोबर डेंटल मेकॅनिक, म्हणजे कवळ्या आणि दात घडविणारा कारागीर, ह्याचीही नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षी आपल्या कायदेमंडळाला ह्या कारागिराची आठवण राहिली, हे आम्हांला मोठे वाटते. तो कायदा झाला तेव्हा कारागिराच्या हाती प्लास्टर आणि मेण होते. मज्जातंतूची रेघ नव्हती. आज ती रेघ त्याच्या हाती आहे. आम्ही त्या मुलीला तिच्या नेमणूकपत्रावर काय लिहिले आहे ते विचारले. नेमणूकपत्र नव्हते. पगार महिन्याला रोख मिळे, आणि ज्या कामाची ओळ आमच्या बिलात होती त्या कामाची आमच्या एका दाढेची रक्कम तिच्या पगाराच्या बरीच जवळ जात होती.

त्या प्रयोगशाळेतल्या सहाही जणांची नावे आम्ही वहीत लिहून घेतली आहेत. पुढच्या रविवारी त्यांना चहाला बोलाविले आहे. आमचे ते जुने खजिनदारही येणार आहेत. त्यांना तो नारिंगी रंगाचा बोगदा पाहावयाचा आहे.